जिथवर मी, तिथवर टेप

माझं परंड्यात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं झाली, गावातल्या बायकांची मापं घेतेय, त्यामुळं एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकते. टेप पाठीमागून पुढं आली की बाई श्वास आत ओढते. कॉलेजची पोरगी असो, तिची सासू असो, नाहीतर सरपंचीण असो. पोट आत, खांदे मागं, मान ताठ. वर मलाच सांगणार, "इंचभर कमी धर गं, मी बारीक व्हायलेय सध्या." मी हो म्हणते आणि गुपचूप इंचभर जास्त धरते. नाहीतर पहिल्याच लग्नात ब्लाउज उसवतो आणि शिव्या मला बसतात.

महानंदाक्का पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा सगळं उलटंच झालं. मी टेप फिरवली आणि तिनं पोट सोडून दिलं. सोडलं म्हणजे अगदी मोकाट सोडलं. टेपचं टोक माझ्या हातातून सटकून पार शिलाई मशीनखाली गेलं.

"अक्का, जरा..." मी म्हणाले.

"जरा काय? जिथवर मी हाय तिथवर टेप आण की. पुरंना झाली तर दुसरी जोड. मी काय तुझ्या टेपात मावायला जन्मले व्हय?"

आणि हसली. तिचं हसणं म्हणजे तेरखेड्याची फटाक्याची माळ, एकदा पेटली की शेवटच्या फटाक्यापर्यंत थांबायचं नाव नाही. हसताना तिचे दंड हलायचे, पोट हलायचं, हनुवटीखालची हनुवटी हलायची. दुकानात बसलेल्या दोन बायका आधी दचकल्या, मग काही कारण नसताना हसायला लागल्या. मीही हसले. माप राहिलं ते राहिलंच, दुसऱ्या दिवशी घेतलं.

समोर आम्ही सगळ्या तिला अहो-जाहोच करायचो. माझ्याहून ती चांगली पंधरा वर्षांनी मोठी. पण आठवायला बसले की ती 'ती'च होते, त्याला माझा इलाज नाही.

अक्का परंड्याच्या डेपोत कंडक्टर होती. कुर्डुवाडी, बार्शी, भूम, सगळा जन्म गाडीत उभ्यानं गेला. माहेर उमरग्याकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं राग आला किंवा लाड आला की तोंडातून कानडी यायची. गाडीत गर्दी झाली की "साकु, साकु!" म्हणून ओरडायची. साकु म्हणजे बास, पुरे. पोरंसोरं तिला साकुअक्काच म्हणायची. रिटायर व्हायच्या आधी कंबर धरली म्हणून ती कुठल्याशा योगाच्या शिबिराला गेली, आणि रिटायर झाल्यावर तिनं गावात स्वतःचाच वर्ग काढला. "त्येंनी शिकीवलेलं निम्मं इसरले," असं ती सगळ्यांना बिनदिक्कत सांगायची. "उरलेल्या निम्म्यात माझं घातलं. आता कुठलं कुणाचं, मलाबी कळत न्हाय."

तिचं कुठलं होतं ते आम्हाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं.

वर्ग जुन्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये भरायचा, सकाळी सहाला. एका भिंतीला भलामोठा आरसा होता, पूर्वी पैलवान पोरांनी आपापले दंड बघायला लावलेला. अक्कानं त्याच्यावर घरची सोलापुरी चादर टांगली. "थोबाड बघायचं असंल तर घरी बघून या. हितं आतनं बघायचं."

"आतनं म्हणजे कुठनं, अक्का?" सुरेखानं विचारलं. सुरेखाचं स्टँडजवळ मेडिकलचं दुकान आहे, तिला प्रत्येक गोष्टीचा डोस कळल्याशिवाय चैन पडत नाही.

"डोळं मीट, मग दिसंल. न्हाय दिसलं तर झोप तरी लागंल. नुसकान कायच न्हाय."

मग तिनं खिडकीच्या गजाला एक पितळी घंटी बांधली आणि तिला दोरी लावली, गाडीत असते तशी. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. आसन धरायचं, सोडायचं, सगळं घंटीवर. आता आमच्या वर्गात एकच पुरुष होता, दगडूमामा. तीस वर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हर, त्यातली निम्मी अक्काच्याच घंटीवर. दोन घंट्या वाजल्या की आम्ही सगळ्या हात वर न्यायचो आणि मामांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. ताडासनात तर ते एका पायावर वाकडे होऊन उभे राहायचे.

"मामा, रेस कमी करा!" अक्का ओरडायची.

"तुमी घंटी सोडा, मी पाय सोडतो," मामा म्हणायचे. हे रोजचं होतं, आणि रोज आम्हाला नव्यानं हसू यायचं.

श्वास सोडायची वेळ आली की ती म्हणायची, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" आणि आत घ्यायच्या वेळी, "दारात थांबू नका, मागं सरका, मागं लई जागा हाय!" मागं म्हणजे पाठीत. तुम्ही हसाल, आम्हीही हसलो होतो. पण खरं सांगते, मशीनवर वाकून वाकून माझी पाठ लाकडासारखी झाली होती, त्या पाठीत श्वास जातो हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं ते तिच्या त्या "मागं सरका"नं.

खाली वाकून पायाचे अंगठे धरायचे असायचे, तेव्हा माझा हात गुडघ्याच्या पुढं जायचा नाही. शेजारची सुरेखा बघते का, याच्यावर माझं सगळं लक्ष. अक्का जवळ यायची.

"कुठवर आलीस?"

"गुडघ्यापर्यंतच, अक्का."

"मग आज गुडघा हेच तुझं गाव. उतर आणि हिंडून ये की. फुडच्या गावाचं तिकीट कुणी मागितलंय तुला?"

पण तिची खरी कमाल शवासनात. आम्ही आडव्या झालो की ती पायापासून डोक्यापर्यंत गाडी सोडायची. एकेक स्टॉप पुकारायची, तेही अगदी खऱ्या कंडक्टरच्या आवाजात. "अंगठा, अंगठा! अंगठ्याला कोण हाय? मुंग्या हायत? असू द्या. घोटा! गुडघा! गुडघ्याला कोण चढलंय बघा. दुखणं चढलंय? बसू द्या त्याला, त्येचंबी तिकीट हाय. ढकलून उतरवायला गेलात तर भांडत बसतंय. त्येचं गाव आलं की आपल्या पायानं उतरतंय ते."

एकदा सुरेखा रात्रभर जागून आली होती, लेकराला ताप होता. शवासनात तिचा डोळा लागला. अक्का गाडी घेऊन वर येत होती, "कंबर! पाठ! खांदा, खांदा! उतरणारं हाय का कोण खांद्याला?" आणि सुरेखा ताडकन उठून बसली, चटई काखेत मारली आणि ओरडली, "ओ थांबवा थांबवा, माझी पिशवी वर ऱ्हायली!" तिकडं मामाही पेंगत होते. बाईमाणूस ओरडलं म्हटल्यावर त्यांनी झोपेतच करकचून ब्रेक दाबला. पायाशी पाण्याची कळशी होती. ती गडगडत गेली आणि सगळ्या हॉलभर पाणी झालं. ओल्या सतरंजीवर आम्ही पोट धरधरून लोळलो. अक्का दोरीला लटकून हसत होती, त्यामुळं घंटी वाजतच होती, आणि मामा बिचारे पाय कुठं ठेवावा ते न कळून नुसतेच बसून होते. त्या दिवशी शवासन कुणाचंच झालं नाही, पण घरी जाताना इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

असं दोन वर्षं चाललं. मग पुण्याहून एक तरुण सर गावात आले. सडपातळ, अंगाला रबर लावल्यासारखे, सोबत मोबाइलचा स्टँड आणि गोल दिवा. त्यांनाही सकाळी हॉल हवा होता. व्यायामशाळेच्या अध्यक्षांनी अक्काला बोलावून घेतलं. "अक्का, आमचं काय म्हणणं नाही. पण त्यांच्याकडं सर्टिफिकेट आहे, तुमच्याकडं नाही. उद्या कुणाची कंबर मोडली तर आम्ही काय सांगायचं? धाराशिवला परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. कागद आणा, हॉल तुमचा."

परीक्षेच्या यादीत बाकी सगळं अक्काला येत होतं. एक पद्मासन सोडून. दोन्ही पाय दोन्ही मांड्यांवर, दोन मिनिटं. "माझ्या दोन मांड्यांचं एकमेकीत जमत न्हाय," असं ती आम्हाला आधी हसत सांगायची. त्या महिन्यात मात्र ती हे बोलायची बंद झाली. घंटी उशिरा वाजायची. मामांचा पाय दाबला गेला तरी ती काही बोलायची नाही. हॉलचा जिना चढताना कठड्याला धरायला लागली. आम्ही विचारलं की "काय न्हाय, वारं धरलंय," म्हणून वाटेला लावायची.

परीक्षेसाठी नवा पंजाबी ड्रेस शिवायचा म्हणून ती दुकानात आली. मी टेप घेतली, पाठीमागून पुढं आणली. आणि अक्कानं श्वास आत ओढला.

माझा हात थांबला. "अक्का, श्वास सोडा."

"सोडलाय की."

"न्हाय सोडला."

 ती स्टुलावर बसली आणि पायाकडं बघत बोलायला लागली. "रोज पहाटं तेल चोळते, ओढणीनं पाय बांधून बसते. गुडघा नुसता बोंबलतोय, तरी सोडत न्हाय. गाडीत लोक म्हणायचे, ए जाडे, सरक. पंचवीस वर्षं म्हणले. मला कायच वाटलं न्हाय बघ. आता माझी मीच म्हणायलेय मला." मग डोळे पुसले. "हॉल गेला तर मी कुठं जाऊ गं? घरात नुसती बसून काय करू? तेवढाच एक तास असतो दिवसातनं, तवा मी मला आवडते."

  मी माप घेतलं, आणि इंचभर जास्त धरलं.

परीक्षेला आम्ही तिघं तिच्याबरोबर गेलो, मी, सुरेखा आणि मामा. बार्शीला गाडी बदलली. जागा असूनही अक्का दाराजवळ दांडी धरून उभीच राहिली. गाडीत कंडक्टर नवीन पोरगी होती, तिला म्हणाली, "पोट सोडून उभी ऱ्हा बाई, कंबर वाचंल." पोरीनं आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग खरंच सोडलं. त्या सबंध प्रवासात अक्का तेवढीच एकदा हसली.

धाराशिवला परीक्षेच्या खोलीत आम्हाला कोण घेणार! आम्ही व्हरांड्यातल्या खिडकीला चिकटलो. परीक्षक एक वयस्कर साहेब होते, शांत माणूस. एकेकाचा व्हिडिओ मोबाइलवर घेत होते, तो वर पाठवायचा असतो म्हणे. अक्कानं बाकीची आसनं केली. मग शिकवून दाखवा म्हणाले, तर तिनं खोलीतल्या सगळ्या उमेदवारांना "मागं सरका, मागं लई जागा हाय" करून श्वास घ्यायला लावला. साहेबांचेही खांदे खाली आले, आम्ही बघितलं. सुरेखानं मला चिमटा काढला, "जमतंय, जमतंय!"

मग पद्मासन आलं. उजवा पाय कसाबसा वर गेला. डावा जाईना. अक्कानं दोन्ही हातांनी ओढला, तिचं तोंड लालबुंद झालं, तरी जाईना. साहेब जवळ आले आणि हळू आवाजात बोलले, पण खिडकीत आम्हाला ऐकू आलं.

"ताई, बाकी सगळं फार छान केलंत. ही माझी शाल घ्या, मांडीवर टाका. व्हिडिओत कुणाला काय दिसतंय? दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"घ्या अक्का, घ्या," सुरेखा पुटपुटली. मामांनी खिडकीतूनच हात जोडले. आणि खोटं कशाला सांगू, मीही मनात हेच म्हणत होते.

अक्कानं शाल घेतली. मांडीवर पसरली, पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले. झकास पद्मासन दिसत होतं. साहेबांनी मोबाइल वर धरला. आणि मला तिचं तोंड दिसलं. दुकानात टेप बघून झालं होतं तेच. श्वास आत, अडकलेला.

मग तिनं तो सोडला. एवढ्या जोरात सोडला की शेजारच्या उमेदवार बाईनं डोळे उघडले.

"साहेब, थांबवा," अक्का म्हणाली आणि शाल काढून घडी घालायला लागली. "तुमचे लई उपकार. पण ह्या शालीखाली मी न्हाय."

"अहो ताई, नापास व्हाल."

"व्हते की. मांडीनं माझं काय वाईट केलंय म्हणून तिला झाकू? पंचवीस वर्षं तिच्यावर उभी होते मी." आणि तिनं पाय खाली घेतले, साधी मांडी घातली, आपण जेवायला घालतो तशी, पोट सोडलं, डोळे मिटले. "आता काढा. ही मी."

साहेबांनी पूर्ण दोन मिनिटं व्हिडिओ घेतला. कशासाठी घेतला, त्यांनाच ठाऊक. मग म्हणाले, "ताई, कागदावर मात्र नापासच लिहावं लागेल."

"मोठ्या अक्षरात लिहा, साहेब. मी चष्मा आणला न्हाय."

येताना आमची तोंडं उतरलेली आणि ही बाई बार्शी स्टँडवर भज्यांच्या दोन प्लेटी संपवतेय! परंड्याच्या गाडीत चढल्याचढल्या तिनं सगळ्या गाडीला सांगितलं, "ऐका हो, मी नापास झाले!" कुणीतरी कशात म्हणून विचारलं. "बसण्यात!" म्हणाली. गाडी हसून हसून वाकडी झाली. मामा पुसत होते डोळे, हसून की रडून ते मी विचारलं नाही.

हॉल गेलाच. अध्यक्षांनी गोडीत सांगितलं. नवे सर पोरगा चांगला होता, आरशावरची चादर धुऊन, घडी घालून अक्काच्या घरी देऊन आला. काही जणी त्यांच्याकडं गेल्या. बाकीच्यांना अक्कानं निरोप धाडला की सोमवारपासून किल्ल्याच्या खंदकाबाहेरच्या मैदानात यायचं. तिथं कुठला कागद लागत नाही.

पण ते मैदान पडलं रस्त्याला लागून! सकाळी दूधवाले, फिरायला निघालेले म्हातारे, शाळेच्या गाड्या, सगळं गाव तिथून जातं. हॉलमध्ये दार लावलेलं असायचं, आरशावर चादर असायची. इथं सगळ्या गावासमोर पाय वर करायचे? सुरेखा म्हणाली, "माझं गिऱ्हाईक बघंल गं." मीही "बघू" म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण म्हणाले.

आता अक्का लेकीकडं उमरग्याला असते. तिथंही वर्ग काढलाय म्हणे, आणि तिथल्या बायकाही म्हणे आता टेप बघून श्वास ओढत नाहीत, असं तीच फोनवर सांगते. भेट झाली नाही बऱ्याच दिवसांत. मला ती दिसते ती त्या सोमवारची.

मी चटई घेऊन निघाले खरी, पण मैदानासमोरच्या चहाच्या टपरीमागंच थांबले. नुसतं बघून परत जावं, असं मनात होतं. तिथं सुरेखा आधीच होती, पेपर तोंडासमोर धरून, चटई बाकाखाली लपवलेली. पलीकडं लिंबाच्या झाडाआड मामा चहाचा कप घेऊन उभे. अजून तिघी-चौघी रिक्षाच्या मागं. एकमेकींना बघितलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आणि मैदानात मधोमध अक्का बसली होती. रस्त्याकडं तोंड करून, साधी मांडी घालून, डोळे मिटून. समोर मागं कुणी नाही. तरी हॉल भरलेला असावा तशी मोठ्यानं शिकवत होती, "हात वर घ्या... सावकाश. घाई न्हाय कुणाला."

एक दूधवाला सायकल थांबवून ओरडला, "अक्का, कुणाला शिकवायलाव? हितं कोणबी न्हाय!"

अक्कानं डोळे उघडले नाहीत. "मी हाय की," म्हणाली.

मी चप्पल टपरीपाशीच काढली आणि रस्ता ओलांडला. तिच्या मागं चटई टाकली. वळून बघितलं तर सुरेखा पेपर फेकून येत होती, रिक्षामागच्या येत होत्या, आणि मामा कप हातात घेऊनच येत होते. चटया टाकल्याचे आवाज अक्काला नक्की ऐकू आले असणार. तिनं डोळे उघडले नाहीत. एवढं मोठं मोकळं मैदान, तरी ती बसल्या जागी जराशी पुढं सरकली, आम्हाला जागा व्हावी म्हणून.